शोकसभेनंतरचा तास

मॅडम, तुमच्या मरणाची सुट्टी मिळाली. पूर्ण दिवसाची.

तुम्ही मला एकच काम सांगून ठेवलं होतं, की ही सुट्टी होऊ द्यायची नाही. "सभा घ्या म्हणावं. दोन मिनिटं उभ्या राहा आणि मग आपापल्या वर्गात जा. तू सांगशील त्यांना." मी तेव्हा हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. पाण्याचा ग्लास उचलून आत ठेवायला गेले होते. तुम्हाला ते होच वाटलं असणार. तुम्ही सांगितलेलं काम कोणी केलं नाही, असं तुमच्या आयुष्यात फारसं घडलं नसावं.

मला मराठी लिहायची सवय नाही. आईनं घरी शिकवलं तेवढंच येतं. पण शाळेत तुम्ही माझ्याशी एकदाही मराठीत बोलला नाहीत, म्हणून हे मराठीतच लिहितेय. चुकलं तर तुम्ही आता लाल पेन घेऊन बसणार नाही.

नववीत मी आले तेव्हा हजेरी घेताना तुम्ही माझ्या आडनावावर थांबलात. मला वाटलं, आता हसाल. आईनं निघताना सांगितलं होतं, "गजभिये मॅडम आपल्याकडच्याच हायेत, नागपूरच्या. काही लागलं तर त्यायले सांगजो." मधल्या सुट्टीत मी व्हरांड्यात तुमच्यासमोर गेले आणि हळूच "जय भीम, मॅडम" म्हटलं. तुम्ही आवाज खाली केला नाही.

"घर की बात घर में. यहाँ मैं तुम्हारी कोई नहीं लगती. समझीं?"

"जी."

मागे उभ्या असलेल्या मुली हसल्या. त्यांतली एक रुबीना होती. तीच दुसऱ्या तासाला दप्तर उचलून माझ्या शेजारी येऊन बसली. "चल, तेरी तो पहले ही दिन हो गई," ती म्हणाली. "अब डर काहे का."

आपली शाळा लखनौच्या कडेची, सरकारी, मुलींची. सुरू झाली तेव्हा इथे दसहरी आंब्यांची बाग होती म्हणतात. पहिल्या बहनजी झाडाखाली खुर्ची टाकून शिकवायच्या आणि बाग राखणाऱ्यांच्या मुली समोर मातीत बसायच्या. मग टिनाची शेड आली, मग दोन मजली इमारत. मग बाग तोडून कॉलनी झाली. आता चारी बाजूंनी कोठ्या आहेत, म्हणजे बंगले. त्या कोठ्यांतली मुलं पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळांत जातात, आणि त्याच कोठ्यांत भांडी घासणाऱ्या बायकांच्या मुली आपल्या शाळेत येतात. वार्षिकोत्सवाला दर वर्षी कोणीतरी शाळेचा इतिहास वाचून दाखवतं. त्यात बाग असते, भांडी नसतात.

मुलींकडे शाळेचा आणखी एक इतिहास होता. तो तुमच्यापर्यंत पोहोचत नाही असं आम्हाला वाटायचं. शाळेतलं कोणी गेलं की प्रार्थनेनंतर शोकसभा व्हायची, दोन मिनिटं मौन, आणि मग सुट्टी. मुलींना शाळेतली माणसं त्या सुट्ट्यांवरून लक्षात राहायची. संस्कृतच्या बहनजी कोण, तर ज्यांची सुट्टी ऐन थंडीत आली आणि सगळ्या जणी मैदानात उन्हाला बसून मटर सोलून खात राहिल्या, त्या. माळीबाबा कोण, तर ज्यांची अर्ध्याच दिवसाची मिळाली, तीही इंटरवलनंतर. माळ्याला अर्धा, बहनजीला पूर्ण. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण सहावीतल्या मुलीलाही पाठ होता. छब्बीस जनवरीला पहिल्या मोठ्या बहनजी, म्हणजे शाळेच्या पहिल्या मुख्याध्यापिका, वॉकर धरून, धापा टाकत झेंड्यापर्यंत यायच्या आणि आम्ही सगळ्या जोरात टाळ्या वाजवायचो. टाळ्या वाजवताना रुबीना माझ्या कानात म्हणायची, "इनकी अभी बाकी है."

एकदा मी विचारलं, "और गजब मैडम की?" तुमचं आडनाव तिथे कोणाला नीट म्हणता यायचं नाही, म्हणून मुली तुम्हाला गजब म्हणायच्या.

"गजब मैडम की तो तीन दिन की बनती है," रुबीना म्हणाली. "एक दिन रोने का, दो दिन यक़ीन करने के."

आम्ही इतक्या हसलो की तुम्ही मागे वळून खडू फेकलात. तो मला लागला.

त्याच वर्षी, पाऊस संपता संपता, रुबीनाला ताप आला. चार-सहा दिवस ती आली नाही आणि मग एका सकाळी प्रार्थनेनंतर तिचं नाव घेतलं गेलं. आम्ही दोन मिनिटं उभ्या राहिलो. तेव्हाच्या प्रधानाचार्यांनी सुट्टी जाहीर केली. मी दप्तर घ्यायला वर्गात गेले तर तुम्ही नववी ‘ब’च्या दारात उभ्या होतात.

"बैठो," तुम्ही म्हणालात.

कोणीतरी म्हटलं, "मैडम, छुट्टी है."

"जिनकी है उनकी है. तुम लोगों का बोर्ड सिर पर है."

नववीला बोर्ड नसतो, मॅडम. पण आम्ही बसलो. खिडकीतून बाकीच्या वर्गांतल्या मुली जाताना दिसत होत्या. त्या गेटपर्यंत तोंड पाडून जायच्या आणि गेटबाहेर गेल्या की पळायच्या. माझ्या शेजारची जागा रिकामी होती. तुम्ही ती पाहिलीत. मागच्या बाकावरच्या शालिनीला म्हणालात, "आगे आओ. जगह ख़ाली मत रखो." शालिनी येऊन बसली. बाकावर रुबीनानं कंपासच्या टोकानं एक फूल कोरलं होतं, त्यावर तिनं आपली वही ठेवली. मग तुम्ही मला फळ्याकडे बोलावलंत. समांतर चतुर्भुजाचं, म्हणजे समांतरभुज चौकोनाचं, प्रमेय. मला एक ओळ येईना. माझा हात फळ्यावर नुसता टेकलेला होता.

"बाप मशीन साफ़ करता है," तुम्ही म्हणालात, "तुम दिमाग़ ही साफ़ करके आई हो?"

कोणी हसलं नाही. त्या दिवशी तरी कोणी हसलं नाही. मी रडायला लागले तेव्हा तुम्ही म्हणालात, "रोना है तो घर जाकर रोओ. वो नहीं आएगी. परीक्षा आएगी."

मी नंतर त्या तासात पुष्कळ शोधलं. तुमचा आवाज जरा कापला असता, तुम्ही एकदा खिडकीकडे तोंड केलं असतं, खडू मोडला असता, तर आज लिहायला सोपं गेलं असतं. तसं काही झालं नव्हतं. तुम्ही घंटा होईपर्यंत शिकवलंत, छान शिकवलंत, आणि हात झटकून निघून गेलात.

पुढच्या एप्रिलात जयंतीच्या कार्यक्रमाला तुम्ही भेटलात. लखनौतली आपली सगळी घरं तिथे जमतात. रेल्वेतली, पोस्टातली, बँकेतली, आणि सरांसारखी, म्हणजे तुमच्या यजमानांसारखी, संशोधन संस्थेतली. तिथे तुम्ही मराठीत बोलायचात, पांढऱ्या साडीत, हसूनसुद्धा. जेवणाची पंगत बसली होती. तुम्ही बाबांच्या पानासमोर येऊन थांबलात. बाबा रेल्वेच्या कारखान्यात हेल्पर. ते घास हातात धरून उठायला लागले.

"बसा. मुलगी गणितात कच्ची आहे तुमची. घरी लक्ष कोण देतं?"

बाबा म्हणाले, "तुमीच देता, मॅडम."

शेजारचे दोघे-तिघे हसले. तुम्ही नाही हसलात. "रविवारी पाठवत जा माझ्याकडे. शिकवणी नाही म्हणत मी. पाठवा म्हणते."

टेम्पोतून घरी जाताना आई म्हणाली, "बरोबर बोलल्या मॅडम. पण पंगतीत काहून बोलल्या?"

"बोलल्या म्हणून पोरीले शिकवून तर राहिल्या," बाबा म्हणाले.

"घास हातात होता तुमच्या."

"मंग? नंतर खाल्ला ना."

तेव्हापासून बारावीपर्यंत मी दर रविवारी महानगर मोहल्ल्यात तुमच्या घरी येत राहिले. कपूरथला मार्केटमागच्या त्या घरात तुमची मराठी वेगळीच होती. शाळेत खडूसारखी कोरडी असलेली बाई घरात गाऊनवर स्वेटर घालून "अगं बस ना, उभी काय" म्हणायची. हिवाळ्यात तुम्ही कोथिंबीर भरून सांभारवडी करायचात. ताट मला स्वतःलाच धुवायला लावायचात. "आपलं उष्टं आपण काढायचं. दुसऱ्यांचं काढायची वेळ येऊ नये म्हणून शिकतेस ना?" आणि गणित. तुम्ही मला कधी युक्ती शिकवली नाहीत. मी दोन ओळी एकत्र केल्या की पेनाचं टोक तिथे ठेवायचात. "पायरी गाळायची नाही. ज्यांना कोणी विचारत नाही ते गाळतात. तुला प्रत्येक ठिकाणी विचारतील, हे कुठून आलं. तेव्हा तुझ्याकडे लिहिलेलं पाहिजे."

आज मी विद्यापीठात गणित घेऊन शिकते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. यात तुमचा वाटा किती, हे मला कोणी सांगायला नको. पण दर रविवारी पेन टेकवलेल्या त्या जागेकडे पाहताना मला बाकावरचं फूल दिसायचं आणि शालिनीची वही. मी तुमची सांभारवडी खाल्ली आणि तुम्हाला माफ केलं नाही. दोन्ही एकाच टेबलावर.

गेल्या काही महिन्यांत तुम्ही पलंगावरून उठत नव्हतात, म्हणून मी पुन्हा दर रविवारी येऊ लागले होते. मी आले की सर बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसायचे. त्या दिवशी तुम्ही सुट्टीचं बोललात.

"कशाला असं बोलता, मॅडम."

"का? मी काय इथेच राहणार आहे? मुद्द्याचं बोल." तुम्हाला दम लागत होता, तरी तुम्ही एक पायरी गाळली नाहीत. "सुट्टी दिली की या मुली घरी जाऊन झोपतात, असं वाटतं तुला? आया गेटवरूनच कामाला घेऊन जातात. एक दिवस नेलं की दुसऱ्या दिवशी नेणं सोपं जातं. मग पोरगी महिन्यातून चार दिवस येते, मग येतच नाही. आणि दुसरं म्हणजे, मुलींना माणसाच्या मरणाची वाट पाहायची सवय लागते. कोणाची किती बाकी आहे ते. मला काय माहीत नव्हतं वाटतं?"

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मोठ्या बहनजींचं, माळीबाबांचं, कदाचित तुमच्या तीन दिवसांचंही. मला शरम वाटली आणि थोडं हलकंही वाटलं. वाटलं, इतकी वर्षं न विचारलेलं आता विचारता येईल.

"म्हणून रुबीनाच्या दिवशी आम्हाला बसवलं होतं?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "कोण रुबीना?"

मी सांगितलं. नववी ‘ब’, तिसरा बाक, ताप.

"ती उशिरा यायची ती?"

"हो."

तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं, आता काहीतरी बोलाल. काय, ते मला माहीत नव्हतं, पण काहीही चाललं असतं. "समांतर चतुर्भुज होतं त्या दिवशी," तुम्ही म्हणालात. "तुला आलं नव्हतं."

औषधांमुळे असेल. सर म्हणाले, हल्ली त्यांना नातवाचं नावही आठवत नाही. मी ते मानायचा प्रयत्न केला. पण चतुर्भुज आठवत होतं, मॅडम. मी ग्लास आत ठेवला, चप्पल घातली, "येते" म्हटलं. पुढच्या रविवारी तुम्ही नव्हतात.

शोकसभेला मला प्रधानाचार्यांनी बोलावून घेतलं. त्या नव्या आहेत, तुमच्या निवृत्तीनंतर आलेल्या. सर गुडघ्यांमुळे आले नाहीत. खुर्चीवर तुमचा निरोप समारंभातला फोटो होता, हातात गुलाब धरलेला. तो गुलाब तुम्ही डस्टरसारखा धरला होता. मी मुलींच्या रांगांशेजारी उभी होते. त्यांतल्या बहुतेकींनी तुम्हाला पाहिलेलंही नाही.

"ये रिटायर वाली हैं," एक म्हणत होती. "रिटायर का आधा होता है."

"आधा माली का होता है, पागल."

"वो गजब वाली हैं क्या? दीदी बताती थी, मारती बहुत थीं."

"तो पूरा बनता है."

तुमचं टोपणनाव तुमच्यापेक्षा जास्त दिवस शाळेत राहिलं, एवढं तुम्हाला सांगावंसं वाटलं.

भाषणं झाली. सगळ्यांनी सांगितलं की तुम्ही बाहेरून कठोर आणि आतून मायाळू होतात. शालिनी आता तिथेच कंत्राटावर शिकवते. तीही तसंच म्हणाली आणि म्हणताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मग माझं नाव घेतलं. मी काय बोलायचं ते घरून ठरवून आणलं होतं आणि त्यातलं काही घेतलं नाही. आत काय होतं ते मला माहीत नाही. मला तुम्ही बाहेरूनच मिळालात. मी म्हटलं, "मैडम ने मुझे गणित पढ़ाया. बहुत अच्छा पढ़ाया." आणि खाली उतरले. टाळ्या वाजवायच्या की नाही, हे मुलींना कळलं नाही.

मौन झाल्यावर प्रधानाचार्या मला व्हरांड्यात बाजूला घेऊन गेल्या. पाणी देणाऱ्या रामरती चाची तिथे उभ्या होत्या. तुम्ही शाळेत लागलात तेव्हापासूनच्या त्या.

"बेटा, परंपरा तो छुट्टी की है," प्रधानाचार्या म्हणाल्या. "पर सुना है मैडम छुट्टी के बहुत ख़िलाफ़ थीं."

"ख़िलाफ़?" चाची म्हणाल्या. "मैडम होतीं तो अपनी मिट्टी रुकवा के पहले क्लास लेतीं."

"तुम तो उनके घर की जैसी थीं. आख़िर में कुछ कहा था उन्होंने? जैसा तुम कहो, वैसा कर लें."

मॅडम, सगळं माझ्या हातात आलं होतं. तुमचं वाक्य मला शब्दन् शब्द पाठ होतं. तुमची कारणंही पाठ होती आणि ती खरी आहेत, हे मला माझ्याच वस्तीत रोज दिसतं. समोर मैदानात मुली उभ्या होत्या, पायांवरचं वजन बदलत. तोंडं रडकी केलेली आणि डोळे आमच्याकडे. त्यांतली कोणतीही रुबीना असू शकली असती. मला ऐकू आलं, तीन दिन की बनती है.

"नहीं," मी म्हटलं. "कुछ नहीं कहा. दे दीजिए."

याला सूड म्हणतात, हे मला कळतं. मला दुसरा शब्द सापडला असता तर मी तो लिहिला असता. तुम्ही तिचं नाव विसरलात, आणि मी तुमचं शेवटचं सांगणं विसरल्यासारखं केलं.

घंटा झाली. इतका आनंद मी त्या शाळेत कधी पाहिला नव्हता. मुली गेटपर्यंतसुद्धा थांबल्या नाहीत. एकीनं दप्तर हवेत उडवलं आणि ते तुमच्या फोटोच्या खुर्चीपाशी पडलं. तिनं वाकून ते उचललं, फोटोला हात जोडले आणि पळाली. माझ्याजवळून जाताना एक छोटी मुलगी म्हणाली, "थैंक्यू, दीदी." मी काय केलं ते तिला माहीत असायचं कारण नव्हतं. ती त्या दिवशी सगळ्यांनाच थँक्यू म्हणत असेल.

गेटबाहेर कोपऱ्यावर एक बाई हातात पिशवी घेऊन कामाला निघाली होती. एक मुलगी, आठवीतली असेल, पळत तिच्या अंगावर जाऊन आदळली. "अम्मा, छुट्टी हो गई."

"अच्छा हुआ. चल, चौहान जी के यहाँ मेहमान आए हैं. बर्तन तू कर लेना."

मुलीचं तोंड उतरलं. तिनं ड्रेसच्या बाह्या वर केल्या आणि ती आईमागे चालायला लागली. हे तुमच्यापासून लपवत नाही. तुमचं म्हणणं तिथेच, गेटपासून हाकेच्या अंतरावर, खरं ठरलं. तुम्ही बरोबर होतात. रुबीनाच्या दिवशीही कदाचित बरोबर होतात. पण तेव्हा तुम्ही आमच्यासाठी बरोबर नव्हतात, तुम्ही नुसत्याच बरोबर होतात. एवढंच मला त्या रविवारी म्हणायचं होतं आणि मी ग्लास उचलून आत गेले.

मी घरी गेले नाही. टेम्पो पकडून हज़रतगंजला उतरले, तिथून नदीपलीकडे विद्यापीठात गेले. दुपारचा तास होता. प्राध्यापक आले नव्हते, अर्धा वर्ग कँटीनला निघून गेला होता, बाकीच्यांनीही वह्या मिटल्या होत्या. मी तिसऱ्या बाकावर बसले आणि वही उघडली.

थोड्या वेळानं एक मुलगी दप्तर घेऊन शेजारी येऊन उभी राहिली. "यहाँ कोई है?"

"हाँ, है," मी म्हटलं.

ती पुढे गेली. मी शेजारची जागा तशीच ठेवली आणि तास संपेपर्यंत तुम्ही शिकवलेल्या पद्धतीनं, एकही पायरी न गाळता, उदाहरणं सोडवत बसले.